वर डिझेल, खाली पाणी

"पाणी गाळून पिता का तसंच?" हा तात्यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न. मी आरोग्य सेविका म्हणून निमगाव केतकीत नव्यानं रुजू झाले होते आणि भाड्यानं खोली बघायला त्यांच्या दारात उभी होते. नाव, गाव, जात, लग्न झालंय का, हे बाकीच्या घरमालकांचे ठरलेले प्रश्न. तात्यांना त्यातलं काहीच नको होतं. मी म्हटलं, गाळून पिते. ते म्हणाले, "मग आजच सामान आणा."

तात्यांना गाळायचं वेड होतं. दूध दोनदा गाळायचं, चहा फडक्यातनं गाळायचा, विहिरीवरच्या पाइपाच्या तोंडाला जुन्या धोतराचा तुकडा बांधायचा. काकी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "लग्नात अंतरपाटबी उजेडात धरून बघितला आसंल ह्यांनी, भोकं कुठं हायत म्हणून." माणसांचीही त्यांनी अशीच वाटणी केली होती. चांगला माणूस तो 'गाळीव', बाकीचे सगळे 'तसेच भरलेले'. गावचे पुढारी तसेच भरलेले. डॉक्टर तसेच भरलेले. मी बराच काळ कुठल्याच खात्यात नव्हते, गाळ खाली बसायला ठेवतात तसं मला अजून 'बसू द्यायचं' चाललं होतं.

पण त्यांचा खरा जीव होता पिकअपमध्ये. पांढरी, डिझेलवरची, बाजूला डाळिंबाच्या क्रेटनी घासून घासून पत्रा उघडा पडलेली. स्वतःच्या बागेचा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचा माल ते इंदापूरला, बारामतीला नेऊन टाकायचे. आमच्याकडं अमावस्येला गाडीची पूजा करतात, लिंबू-मिरची बदलतात, नारळ फोडतात. तात्या त्याच दिवशी डिझेलचा फिल्टरही बदलायचे. दर अमावस्येला. एवढ्या लवकर तो बदलायची काहीएक गरज नसते, हे त्यांना गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं, पुतण्यानं सांगितलं होतं, कंपनीच्या पुस्तकातही छापलेलं होतं. गॅरेजवाला एकदा म्हणाला, "तात्या, नवाकोरा फिल्टर का फेकता?" तात्या म्हणाले, "तू दिवाळीच्या दिवाळी दात घासतोस का?"

आणि याच माणसानं टाकीचं झाकण हरवल्यावर नवीन घेतलं नव्हतं. लोणच्याच्या बरणीचं झाकण, त्याला आतनं सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा, वरनं तारेचा आकडा. हा त्यांचा शोध होता. कंपनीच्या झाकणापेक्षा भारी, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे आणि ते लावून काढून दाखवायचे.

अमावस्येचा कार्यक्रम ठरलेला असायचा. सकाळी गाडीला आंघोळ. बादलीनं नव्हे, डाळिंबावर फवारणी करायच्या पंपाची नळी लावून. फवारा असा जोरात, की चाकाआडचा चिखल निघायचाच, पण माझ्या खिडकीत वाळत घातलेला युनिफॉर्मही परत धुऊन निघायचा. मी ओरडले की म्हणायचे, "बाई, साबण वाचला तुमचा." दुसऱ्या कुणाला त्या नळीला हात लावू द्यायचे नाहीत. मग हळदकुंकू, नारळ. मग ऊन वर चढलं की बॉनेट उघडायचं.

फिल्टर म्हणजे हाताच्या मुठीत मावेल न मावेल असा डबा. आत कागदाच्या घड्या असतात, त्यात डिझेलमधला कचरा अडकतो. डिझेलमध्ये पाणी असलं तर ते जड म्हणून बुडाशी बसतं, आणि बुडाला एक स्क्रू असतो तो सैल केला की पाणी बाहेर येतं. ते पाणी पुढं इंजिनात गेलं तर मोठा खर्च. एवढं मला आता झोपेतनं उठवून विचारलं तरी सांगता येईल, कारण तात्यांनी ते मला लसीकरणाच्या दिवशी, पोरं रडत असताना, माझ्या टेबलाशेजारी उभं राहून समजावलं होतं.

जुन्या फिल्टरची निथळ ते काचेच्या बाटलीत धरायचे आणि ती बाटली माझ्या खिडकीत ठेवायचे, कारण घरात सकाळचं ऊन फक्त तिथंच यायचं. दोन दिवसांनी बघायला यायचे. मग जुना फिल्टर करवतीनं कापायचे, आतल्या कागदाच्या घड्या उलगडायचे आणि धुण्याच्या दोरीवर चिमटे लावून टांगायचे. माझ्या साड्या, काकींचं लुगडं, मध्ये काळाकुट्ट कागद. रिकाम्या डब्यात त्यांनी मला एकदा पुदिना लावून दिला. तो पुदिना जगला, पण त्याच्या चटणीला एसटी डेपोचा वास यायचा. मी गुपचूप शेळीला घातला. शेळीनंही खाल्ला नाही.

नवा फिल्टर बसवायची त्यांची पद्धत मात्र बघण्यासारखी होती. रबराच्या कडीला बोटानं डिझेल लावायचं, फिल्टर हातानं फिरवायचा, हातानंच आवळायचा. "पान्यानं आवळतो तो माणूस भित्रा," असं त्यांचं म्हणणं. मग वरचा हातपंप अंगठ्यानं दाबत आतली हवा काढायची. हवा राहिली तर गाडी सुरू होत नाही. हे काम चालू असताना कुणी बोलायचं नाही, हा नियम. त्यांच्या एकुलत्या एक लेकीनं आपल्याला दिवस गेल्याचं सांगायला फोन केला तो नेमका अमावस्येला. काकींनी फोन स्पीकरवर टाकून त्यांच्या कानाशी धरला. लेक म्हणाली, "तात्या, एक सांगायचंय." तात्या म्हणाले, "थांब, हवा जाऊ दे." ती बिचारी थांबली. आम्ही सगळे थांबलो. पंप घट्ट झाला, मग तात्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "हां, बोल." ऐकल्यावर मात्र तिथंच चिखलात बसले आणि डोळे पुसले. सगळ्या गालाला काळं लागलं.

ही लेक बारामतीच्या अलीकडं रस्त्यालाच दिलेली. सासऱ्यांचा छोटा डिझेल पंप, मागं घर. तात्या बारामतीला गेले की टाकी तिथंच भरायचे, पाहुण्यांचा मान म्हणून. लेकीला सातव्या महिन्यात माहेरी आणायचं ठरलं होतं. पहिलं बाळंतपण आईकडं, ही रीतच आहे. काकींनी आतली खोली रिकामी करून शेणानं सारवली, जुनी लुगडी उसवून दुपटी शिवायला घेतली. रोज मला विचारायच्या, "बाई, तुमी हायसा न्हवं तवर? बदली बिदली न्हाय न्हवं?" मी म्हणायचे, आहे, आहे.

आणि पाचव्या महिन्यातल्या अमावस्येला बाटलीत पाणी दिसलं. थोडंथोडकं नाही. वर डिझेल पिवळंधम्मक, खाली बोटभर पाणी. आधीही यायचं, पण थेंब दोन थेंब. उन्हाळा सुरू झाला होता, पावसाचा पत्ता नव्हता, मग पाणी आलं कुठनं? तात्यांनी एक दिवस विचार केला, दुसऱ्या दिवशी बाटली रुमालात गुंडाळली, क्रेट भरले आणि मला म्हणाले, "तुमची मीटिंग हाय ना बारामतीला? बसा." मी बसले. मला काय माहीत.

पंपावर गर्दी होती. ट्रॅक्टर, मोटारसायकली, एक टेम्पो. तात्यांनी पिकअप मध्येच उभी केली, खाली उतरले आणि हवा भरायच्या मशीनवर ती बाटली ठेवली. व्याही हसत पुढं आले. ते मऊ बोलणारे, सावकाश चालणारे गृहस्थ. म्हणाले, "या तात्या. घरात चला, च्या घेऊ."

"च्या ऱ्हाऊ द्या, पाव्हणं. हे तुमचं डिझेल. वर डिझेल, खाली कॅनॉल."

"तात्या, हितं नको. आत बसून बोलू."

"आत कशाला? डिझेल भाईर इकता, मग बोलणं बी भाईरच हुंद्या. पाणी घालता तुमी."

एवढ्या लोकांत हे म्हणाले. मी मागनं त्यांचा सदरा ओढला, पण ऐकतील तर तात्या कसले. एका मोटारसायकलवाल्यानं बाटलीकडं बघितलं, गाडी वळवली आणि न भरताच निघून गेला. व्याह्यांच्या तोंडावरचं हसू गेलं ते मी बघितलं. ते फार हळू बोलले, "मी आजवर थेंब न्हाय घातला. तुमच्या लेकीला सातव्यात पाठवायचं ठरलं हुतं. आता ती हितंच ऱ्हाईल. बाळंतपण आमी करू." आणि आत निघून गेले. घराच्या दारात तात्यांची लेक उभी होती. तात्या गाडीत बसले, मीही बसले, आणि आम्ही बारामतीला गेलो.

काकींना कळलं तेव्हा त्यांनी भांडण केलं नाही. त्यांनी बोलणंच बंद केलं. समोर तात्या बसलेले असायचे आणि त्या मला सांगायच्या, "बाई, त्यांना म्हणावं जेवाय वाढलंय." तात्या म्हणायचे, "त्यांना म्हणावं, येतो." मी खोली भाड्यानं घेतली होती की टपालाची नोकरी पत्करली होती, कळेना. शेवटी मी चिडून म्हटलं, "तात्या, बाळंतपण कुठं होणार हे महत्त्वाचं का बाटली?" ते म्हणाले, "खरं ते खरं, बाई. लेक हाय म्हणून पाण्याला डिझेल म्हणू का?"

मग ते इंदापुरात डिझेल भरायला लागले. पुढच्या अमावस्येला आंघोळ, पूजा, फिल्टर, बाटली. खाली पाणी. तात्यांना वाईट वाटायच्या ऐवजी आनंद झाला. "बघा. इंदापुरात बी त्योच धंदा." मी म्हटलं, "मग व्याही एकटेच चोर कसे?" ते म्हणाले, "चोरांतला पयला सापडला, एवढंच." तिसऱ्याच कुठल्या पंपावर गेले. सातवा महिना लागला. लेकीची ओटी सासरीच भरली, काकी एकट्या एसटीनं जाऊन आल्या. तात्या गेले नाहीत. काकी परत आल्या आणि सारवलेल्या खोलीत कांद्याची पोती ठेवायला लागल्या. पोती ठेवताना त्या रडत नव्हत्या, नीट रचून ठेवत होत्या.

अशात तात्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, वाकायचं नाही, पाणी उडवून घ्यायचं नाही. डोळ्यांत थेंब घालायचं काम माझ्याकडं. त्या अमावस्येला पुतण्यानं फिल्टर बदलला, तात्या काळा चष्मा लावून खुर्चीवरनं सूचना देत होते. बाटलीत याही वेळी पाणी. पण गाडीची आंघोळ मात्र त्यांनी पुतण्याला करू दिली नाही. "पोराला आंघोळ आईनं घालायची, शेजारणीनं न्हाय," म्हणाले. गाडी तशीच धुळीची राहिली. महिनाभर पुतण्याच ती चालवत होता.

पुढच्या अमावस्येला डोळा बरा होता. गाडीची आंघोळ राहू देऊन तात्यांनी आधी स्वतः स्क्रू सोडला, बाटली भरली, माझ्या खिडकीत ठेवली. दोन दिवसांनी आले. बाटलीत वरपासनं खालपर्यंत डिझेल. त्यांनी ती हलवली, परत उन्हात ठेवली, आपल्या नव्या डोळ्यावर विश्वास बसेना म्हणून मला बघायला लावलं. पाण्याचा थेंब नव्हता. पुतण्याला हाक मारली.

"डिझेल कुठलं भरलंस महिनाभर?"

पुतण्या चाचरला. "ताईच्या सासऱ्यांच्या पंपावरचं. बारामतीवरनं येताना तोच वाटंत पडतो, तात्या."

तात्यांनी बाटली परत एकदा उन्हात धरली. मग म्हणाले, "म्हंजे सुधारला माणूस."

तेव्हा काकी, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा, थेट त्यांच्याशी बोलल्या. दारात उभ्या होत्या, हातात सूप होतं. म्हणाल्या, "अवो, माणूस न्हाय सुधारला. ह्या महिन्यात गाडीला आंघोळ न्हाय झाली."

दुसरा कुणी असता तर बायकोवर खेकसला असता. तात्यांनी उठून फवारणीचा पंप लावला, गाडी नेहमीसारखी धुतली, इंदापूरला जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी स्क्रू सोडला. पाणी. मग टाकीपाशी गेले, बरणीचं झाकण काढलं, ट्यूबचा तुकडा बोटानं दाबला. ट्यूब उन्हानं वाळून तडकलेली होती. त्या जोराच्या फवाऱ्याला ती काय अडवणार. इतके महिने हा माणूस देवाच्या नावानं आपल्याच टाकीत पाणी भरत होता, आणि तेच पाणी गाळून गावभर दाखवत होता. मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. पण त्यांच्याकडं बघितलं आणि हसू गिळलं. ते काकींना म्हणाले, "मी घातलं पाणी. मीच."

सकाळी निघालो. मला बरोबर घेतलं, लेकीला तपासायला. तिला आठवा लागला होता, आणायचं तर आता, नाहीतर नाहीच. पंपावर पोहोचलो तर एकच मोटारसायकल उभी. व्याही आतनं आले, आमच्याकडं बघून जागीच थांबले. तात्यांनी हवेच्या मशीनवर बाटली ठेवली. व्याह्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "आता काय ऱ्हायलं, तात्या?"

"माणसं जमू द्या."

"कशाला?"

"त्या दिशी गर्दी हुती. चोर म्हणलो गर्दीत, अन चुकलो म्हणू एकट्यात? ते न्हाय चालायचं."

आणि खरंच उभे राहिले उन्हात. व्याही म्हणाले, झालं ते झालं, चला घरात. तात्या हलेनात. एक ट्रॅक्टर आला, तात्या म्हणाले, अजून येऊ द्या. ट्रॅक्टरवाल्याला त्यांनी थांबवून ठेवलं, टेम्पोवाल्याला थांबवलं, ऊस तोडायच्या मजुरांची गाडी आली तीही थांबवली. रस्त्यावरून कुणी भांडण आहे म्हणून बघायला आले. मग तात्यांनी बरणीचं झाकण वर धरलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "ह्यांच्या डिझेलात पाणी न्हाय. पाणी माझ्या टाकीत मीच घातलं, ह्या झाकणातनं. ह्यांना मी चोर म्हणलो. माझं चुकलं." आणि पाया पडायला वाकले. व्याह्यांनी वरच्यावर धरलं. "डोळ्याचं आप्रेशन झालंय ना तुमचं, वाकता कशाला," असं म्हणत म्हणत त्यांनीच डोळे पुसले. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "आता भरू का?" सगळे हसले.

तात्या खुशीत घरात शिरले. लेक भिंतीला टेकून बसली होती, पाय लांब करून. तात्यांनी चहाच्या आधीच सुरुवात केली, ट्यूब कशी तडकली, पाणी आत कसं गेलं, पुतण्याच्या महिन्यात बाटलीत पाणी कसं निघालं नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तात्या, पाचव्या महिन्यापास्नं तुमी हितं दोनदा आला. दोन्ही डाव बाटली घिऊन आला. मला बघायला एकदाबी न्हाय आला."

सासू कप घेऊन आली होती ती दारातच थांबली. लेक पुढं म्हणाली, "तुमी पंपावर बोलून गेला, अन मी ह्याच घरात ऱ्हायले. मामंजी एका शब्दानं बोलले न्हाईत, तेच जास्त लागायचं. ताटावर बसलं की घास उतरायचा न्हाय. ओटीला सगळी आली. मी दाराकडं बघत बसले."

"व्हय," तात्या म्हणाले. तेवढंच. मग तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि विचारलं, "कशी हायेस?"

ती हळूहळू सांगायला लागली. पाय सुजतात, चप्पल चढत नाही. कुशीवर झोपलं की बाळ लाथा मारतं. आंबट नको वाटतं, आईच्या हातची शेंगदाण्याची चटणी खावीशी वाटते. तात्या ऐकत बसले. मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. बाहेर क्रेटमधली डाळिंबं उन्हात होती, बाजाराची वेळ टळून गेली, ते हलले नाहीत. मी तिचं ब्लडप्रेशर बघितलं, लघवी तपासली, सगळं ठीक होतं. म्हटलं, न्यायला हरकत नाही, पण पिकअपमधनं हादरे खात नको.

ती म्हणाली, "आज न्हाय यायची मी. उद्या या तुमी. गाडी नको, माल नको. नुसतं मला बघाय या."

आम्ही तसेच परत आलो. दुसऱ्या दिवशी तात्या पहाटेच उठले, धुतलेलं धोतर नेसले आणि पहिल्या एसटीनं गेले. काकींनी चटणीचा डबा दिला. कांद्याची पोती आम्ही दोघींनी बाहेर काढली, खोली परत सारवली. दुपार झाली, तात्यांचा फोन नाही. काकींनी दहा वेळा रस्त्यावर जाऊन बघितलं आणि दहाही वेळा मला म्हणाल्या, "न्हाय पाठवायची ती माणसं."

ऊन उतरल्यावर व्याह्यांची मोटार दारात थांबली. पुढं व्याही स्वतः चालवत होते. मागं लेक बसली होती, आणि तिच्या शेजारी अंग चोरून तात्या. तिच्या सुजल्या पायांत चपला जात नव्हत्या. त्या दोन्ही चपला तात्यांनी मांडीवर धरल्या होत्या.